समुद्र असलेले बारा पिच्चर

पिरंगुटच्या कारखान्यात आम्हाला सुट्टी गुरुवारी असायची. घरातली बाकीची माणसं त्या दिवशी आपापल्या कामाला गेलेली असत, त्यामुळे सुट्टीचा दिवस रिकाम्या शाळेसारखा वाटायचा. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी दहावी होऊन वर्ष झालं होतं. रेडिओत बसणारी छोटी कॉइलं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायचं काम करत होते.

पॅकिंगच्या टेबलावर आम्ही तिघी होतो. एक मी, पिरंगुटच्या अलीकडच्या बौद्धवस्तीतली. दुसरी माझ्याच वयाची, बावधनहून बसनं यायची म्हणून तिला सगळे बावधनवालीच म्हणायचे. आणि तिसऱ्या अक्का. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचं माहेर धरणाच्या काठावर, सासर पिरंगुटात, चांगलं जमीनजुमला असलेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डब्यातली सुकटीची चटणी न विचारता घेतली होती आणि "तिकट कमी हाय" एवढंच म्हणाल्या होत्या. तेव्हापासून मला त्या आवडायच्या.

सिनेमाचं वेड आम्हा सगळ्याच बायकांना होतं. गुरुवारी पुण्यातली थेटरं निम्मी रिकामी असत, आणि दुपारी बाराच्या मॅटिनीला जुने सिनेमे लागत. एकदा जेवणाच्या सुट्टीत तार गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यातल्या बायकांशी आमची जुंपली, जास्त सिनेमे कुणी पाहिलेत यावरून. त्यातून पैज निघाली. दोन्ही गटांनी एकेक गोष्ट निवडायची आणि ती गोष्ट असलेले बारा सिनेमे बघायचे. गटातल्या सगळ्यांनी मिळूनच बघायचे, थेटरातच बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना त्याची गोष्ट सांगायची, म्हणजे खोटं बोलता येणार नाही. जो गट मागे पडेल त्यानं सगळ्यांना पुरणपोळी घालायची.

वाइंडिंगवाल्यांनी लगेच आगगाडी घेतली. आगगाडी नसलेला सिनेमा शोधायला लागला असता, असा तो काळ. बावधनवालीला डबल रोल हवा होता. ती बोटांवर मोजत सिनेमांची नावंसुद्धा सांगायला लागली होती.

अक्का म्हणाल्या, "समुद्र."

"अक्का, आपल्यातल्या कुणी बघितलाय तरी का समुद्र?" बावधनवाली म्हणाली.

"न्हाई. म्हणूनच." आणि त्या हात धुवायला उठून गेल्या.

असं ते ठरलं. दर शुक्रवारी बावधनवालीचा भाऊ पुण्याहून येताना थेटरांच्या काचेच्या पेट्यांत लावलेले पुढच्या मॅटिनीचे फोटो बघून यायचा आणि तिला सांगायचा. होडी दिसली की आम्ही जायचो. पुष्कळदा फसायचो. एका सिनेमात होडी होती ती बागेतल्या तळ्यात, आणि दुसऱ्या एकात समुद्र फक्त नायिकेच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर होता. वाइंडिंगवाल्यांनी दोन्ही बाद केले. त्यांची गाडी मात्र स्टेशनांमागून स्टेशनं घेत चालली होती.

पण खरा समुद्र यायचा तेव्हा आम्हाला काहीतरी होऊन जायचं. तो बहुतेक काळापांढराच असायचा. पाणी लांबून चालत यायचं, वाळूवर पसरायचं आणि कुणीतरी चादर ओढून घ्यावी तसं परत जायचं. गोष्ट काय चाललीय याचा मला विसर पडायचा. बाहेर आलं की दुपारचं ऊन इतकं पांढरं असायचं की रस्ता, टांगे, फळांच्या गाड्या, सगळं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसायचं. परतीची बस चांदणी चौक चढून भूगावकडे उतरायला लागली की वाऱ्यानं भाताच्या खाचरांवरून लाटेसारखी एक ओळ जायची, मग दुसरी. बावधनवाली तोवर उतरून गेलेली असे. अक्का आणि मी खिडकीतून बघत बसायचो. दुसऱ्या दिवशी खोकी भरतानाही कानात ती गाज असायची, आणि यंत्रांचा आवाज तिच्यात मिसळून जायचा.

चौथ्या की पाचव्या सिनेमाला माझ्या एक गोष्ट लक्षात आली. अक्का नायकनायिकेकडे बघतच नव्हत्या. पडद्यावर किनारा आला आणि किनाऱ्यावर गर्दी आली की त्या पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरायच्या आणि मान पुढे काढायच्या. गर्दी गेली की मागे टेकायच्या. रंगीत सिनेमाला यायला त्यांचा पाय निघायचा नाही. "जुनाच बघा एकादा," म्हणायच्या. "त्यात कोळी हायेत का, ते इचार."

मी एकदा बसमध्ये विचारलं, "अक्का, तुमी काय शोधताय का?"

"पिच्चर बघतीया," त्या म्हणाल्या, आणि तोंड खिडकीकडे केलं.

नववा सिनेमा मंडईजवळच्या एका थेटरात होता. इतका जुना की पडद्यावर सारख्या उभ्या रेघा पडत होत्या. थेटरात माणसं बोटांवर मोजण्याइतकी. गोष्ट एका खलाशाची होती. मध्यंतरानंतर तो घर सोडून दूरदेशी निघतो, आणि सगळा कोळीवाडा त्याला निरोप द्यायला किनाऱ्यावर जमतो. होडी हलली, मागे संथ पाणी, आणि पाण्यापलीकडे डोंगराची एक बारीक रेघ.

अक्का उभ्या राहिल्या.

"ह्यो समुद्र न्हाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हे आपलं धरण हाय. त्यो बगा आमचा डोंगर."

मागून कुणीतरी "बाई, खाली बसा" म्हणालं. दोघंतिघं हसले. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. तोवर पडद्यावर खलाशी कुठल्याशा बंदरात पोचलासुद्धा होता.

सिनेमा सुटल्यावर अक्का उठल्याच नाहीत. माणसं गेली, झाडूवाला आला, तरी बसून राहिल्या. मग आमच्याकडे न बघता त्यांनी सांगितलं.

त्या दहा-अकरा वर्षांच्या असताना त्यांच्या माहेरच्या गावात सिनेमावाले आले होते. मोटारी चिखलात रुतल्या म्हणून गावानं बैल लावून ओढून काढल्या. मग त्यांनी गावातल्या बायकांना कोळणींसारखी लुगडी नेसवली, हातात टोपल्या दिल्या आणि पाण्याकडे तोंड करून उभं केलं. सांगितलं, हा समुद्र आहे, तुमचा माणूस लांब चाललाय, रडा. त्या बायकांत अक्कांची आई होती, आणि आईच्या मागे अक्का. सिनेमाचं नाव कुणी सांगितलं नाही, आणि गावातल्या कुणी तो कधी पाहिला नाही. पुढच्या दोन वर्षांत आई आजारानं गेली.

"तिचा फोटू न्हाई," अक्का म्हणाल्या. "एक बी न्हाई. माझ्या ध्यानात तिचं आजारातलंच तोंड हाय. अंथरुणावरचं. दुसरं काय आठवतच न्हाई बग."

"मग आत्ता दिसली का?" बावधनवालीनं विचारलं.

"डोंगर बघत बसले ना मी. डोंगर दिसला आन त्याच्याकडंच बघत बसले."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, म्हणजे मॅटिनीचा सिनेमा बदलणार. बावधनवाली उठली आणि सरळ वर ऑपरेटरच्या खोलीत गेली. आम्ही जिन्यात उभ्या राहिलो. तेवढं एक रीळ परत लावाल का, म्हणून तिनं खूप विनवलं. तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "तीनचा खेळ लावायचाय, बाई. आणि हे डबे आमचे नाहीत. उद्या सासवडला जाणार. तिथं आठवडाभर चालेल."

जिना उतरताना बावधनवाली म्हणाली, "मग पुढच्या गुरुवारी सासवडला."

"आन पैज?" अक्कांनी विचारलं. कारण तोच सिनेमा दुसऱ्यांदा बघितला तर तो मोजायचा नाही, असं ठरलेलं होतं, आणि वाइंडिंगवाल्या दहावर पोचल्या होत्या.

"जाऊ दे ना पैज."

त्या आठवड्यात अक्कांनी दोनदा खोकी उलटी चिकटवली. आम्ही कुणाला काही बोललो नाही. गुरुवारी सकाळी बस बदलत, दिवेघाट चढत सासवडला पोचलो, तेव्हा खेळाला तास-दीड तास होता. अक्कांनी कोरं लुगडं नेसलं होतं आणि केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता, जणू कुणाच्या घरी पाहुण्या म्हणून चालल्या होत्या. थेटरासमोरच्या चिंचेखाली आम्ही भाकरी खाल्ली. त्यांनी खाल्ली नाही.

त्या थेटरात पुढे बाकडी होती. आम्ही अगदी पुढच्या बाकावर बसलो. इतक्या जवळून चेहरे चेहऱ्यांसारखे दिसतच नाहीत. नुसते उजेडाचे आणि सावलीचे मोठमोठे तुकडे दिसतात. मध्यंतर झालं. खलाशानं गाठोडं बांधलं. अक्कांनी माझं मनगट धरलं.

किनारा आला. होडी हलली. या वेळी आम्ही तिघींनीही डोंगराकडे बघितलं नाही. कॅमेरा बायकांच्या रांगेवरून सावकाश सरकत गेला. एक बाई डोळ्यांना पदर लावून, दुसरी तशीच, तिसरी पाण्याकडे हात हलवत. मग एक उंच, सडपातळ बाई, कमरेवर टोपली, उन्हासाठी कपाळावर हात आडवा धरलेला. तिनं पदराचं टोक दातांत पकडलं होतं. ती रडत नव्हती. हसू दाबत होती. दाबता दाबता ते फुटलं आणि तिनं मान वळवली. तिचं लुगडं मागून धरलेला एक लहान हात दिसला. सुईत दोरा ओवायला लागेल तेवढाच वेळ. मग रांग पुढे सरकली आणि पाणी आलं.

अक्का उभ्या राहिल्या नाहीत, रडल्याही नाहीत. माझं मनगट तसंच धरून सिनेमा संपेपर्यंत बसून होत्या. कुणी गाढ झोपेत असावं तसा त्यांचा श्वास चालला होता.

बाहेर आल्यावर चहा घेताना त्या म्हणाल्या, "त्यो पिच्चरवाला सारखा रडा रडा म्हणत हुता. आन ही हसतीया." थोड्या वेळानं परत म्हणाल्या, "आमची आई लई हसायची का काय? इचारायला बी कोण ऱ्हायलं न्हाई."

"हसतच असणार," मी म्हणाले. "न्हाई तर एवढ्या लोकांत कोण हसतंय?"

"व्हय," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी भाकरी मागून घेतली आणि सगळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी अक्कांनी स्वतःच सगळ्या बायकांसमोर हे सांगितलं. घंटा झाली तरी वाइंडिंगवाल्यांतली कुणी उठेना. शेवटी त्यांची पुढारीण म्हणाली, "नववा धरायचा बरं का. धरण असलं तरी धरायचा. त्येनी समुद्र म्हणून दावलाय न्हवं?" पण पैज त्यांनीच जिंकली, तीन आठवड्यांनी. आम्ही तिघींनी पहाटे उठून पोळ्या केल्या. माझ्या पोळ्या फाटल्या होत्या, त्या बावधनवालीनं डब्यात खाली लपवल्या.

हरल्यावर आमचं राहिलेलं कुणी मोजणार नव्हतं. तरी अक्का म्हणाल्या, "बारा म्हंजे बारा." पुढचे सिनेमे त्यांनी आमच्यासारखेच बघितले. शेंगा फोडत, खलनायकाला शिव्या देत, आणि नायिकेचं लग्न मोडलं की पदरानं डोळे पुसत. गर्दीकडे त्यांचं लक्षही नसायचं.

सासवडहून आल्यापासून मी मात्र घरात आईकडे बघायला लागले होते. ती रोजानं खुरपायला जायची. सकाळी मी निघायच्या आधी निघायची, संध्याकाळी माझ्यानंतर यायची. ती हसताना कशी दिसते हे मला सांगता आलं नसतं. थेटरात ती जन्मात गेली नव्हती. बाराव्या सिनेमाच्या आधी मी तिला म्हणाले, "आई, गुरुवारी तू चल."

"आन खुरपणी?"

वडील शाळेत शिपाई होते. ते कपाटात काहीतरी शोधत होते. मागे न वळता म्हणाले, "जा की. एक दिस तण वाढलं तर काय जातंय."

त्या गुरुवारी बसमध्ये अक्कांनी आईला खिडकीची जागा दिली आणि पुण्यापर्यंत दोघी भाताच्या जातींबद्दल बोलत राहिल्या. थेटराच्या दारात आईनं चपला काढल्या. विहारात जाताना काढायची तशा. दारावरचा माणूस काही बोलणार होता, पण अक्कांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो बाजूला झाला. आई अनवाणीच आत आली, चपला पिशवीत घालून ती पिशवी मांडीवर धरून बसली.

हा सिनेमा रंगीत होता. समुद्र पहिल्याच दृश्यात आला, निळा, पडदाभर. आई जरा मागे सरकली. मग हळूच माझ्याकडे वाकली.

"एवढं पाणी," ती म्हणाली, "आन प्यायला येत न्हाई म्हंत्यात, ते खरं हाय का गं?"

"खरं हाय. खारट असतंय."

"कुणी चाखून बघितलं असंल पैल्यांदा?" असं म्हणून ती स्वतःशीच हसली, तोंडावर हात ठेवून. पडद्यावरचा निळा उजेड तिच्या गालांवर हलत होता. मी पुढचा सिनेमा फारसा बघितला नाही.