कमानीचं पहिलं वजन

आमच्या दुकानात गाडीच्या नव्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, वाळूची पोती ठेवतात. सुरतेच्या उधना रस्त्यावरचे बाकीचे कमानवाले त्याला हसतात. म्हणतात, शालिग्राम मिस्तरी आधी माणसं बसवायचा, आता पोती बसवतो. हसू देत मेल्यांना. मिस्तरींना कारण विचारलं तर ते भट्टीकडे बघत राहतात, म्हणून लोक मला विचारतात. मी त्यांची बायको, उषाबाई. तोंडाने फटकळ आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, तेव्हा जे झालं ते सरळच सांगते.

माझे सासरे अंमळनेरला स्टेशनाबाहेर टांग्यांच्या कमानींचे पाटे घडवायचे. टांगे कमी झाले, पोट भरेना, तसे मिस्तरी आईला, आमच्या मायला, आणि धाकट्या भावाला, निंबाला, घेऊन सुरतेला आले. निंबा बमरोलीच्या बाजूला एका मिलमध्ये लागला आणि मिस्तरींनी भट्टी मांडली. बारडोलीकडे ऊस नेणारे ट्रक यायचे. एवढा ऊस भरलेला, की पाटे मोडणारच. मिस्तरी मोडलेला पाटा हातात घेऊन कुरवाळायचे आणि म्हणायचे, "किती सोसलंस गं बाई!" माझ्याशी कधी असं बोलले असतील तर शपथ.

सासऱ्यांची एक रीत त्यांनी इथंही सोडली नव्हती. नवी कमान गाडीला चढवली की तिच्यावर पहिलं वजन घरच्या माणसाचं पडायचं. माणसाने गाडीत बसायचं, कमान दबून जागेवर येईपर्यंत दुपारभर गप्प. ड्रायव्हरच्या जागेवर मात्र बसायचं नाही, ती मालकाची. सासरे म्हणायचे, कमानीला पहिलं वजन आठवतं. जिवंत माणसाचं दिलं तर ती पुढं माणसाला जपते. मी तशी ट्रकांच्या केबिनीत बसून किती मेथी निवडली आणि किती गोधड्या शिवल्या, काय सांगू! ड्रायव्हर दात काढायचे. मग मी पण त्यांची चांगली हजेरी घ्यायची.

अडुसष्टच्या पावसाळ्यात धनसुख जरीवाला आमच्याकडे आला. शेठचा मुलगा, लग्न ठरलेलं, अंगात नुसती मस्ती. त्याची मोटार लाल, दोन दारांची, टप मागे सरकवता येणारी. कुठल्या परदेशी मासिकात त्याने शर्यतीच्या गाड्यांची चित्रं पाहिली होती. म्हणाला, "नीची करो, मिस्त्री. जमीनने अडके एटली नीची!" ट्रकवाले गाडी उचलून मागतात आणि हा बाबा जमिनीला टेकवून मागतो! मिस्तरींना मात्र काम आवडलं. त्यांनी पुढच्या चाकांसाठी जाड सळई तापवून, पाइपावर गुंडाळून, आखूड स्प्रिंगा केल्या. मागचे पाटे ठोकून त्यांची कमान उतरवली. गाडी अशी खाली आली, की आमची मांजर तिच्याखालून जायची ती पोट घासत.

पहिल्या वजनाला मी बसणार होते. निंबा नेमका मिलमधली पाळी संपवून आला. "वहिनी, तू ट्रकमध्ये बस. ही मोटार माझी," म्हणाला आणि दार उघडून डाव्या बाजूला बसलासुद्धा. अंगाने चांगला आडवा होता. बाविशी उलटली तरी माय त्याला पोरासारखं जेवू घालायची, मग काय होणार! तो बसला तशी गाडी डावीकडे झुकली. कोपर बाहेर काढून, आरशात भांग पाडत, शेठसारखा बसला होता. मी त्याला भजी नेऊन दिली तर म्हणतो, "ड्रायव्हर कुठं गेला बघ गं, मला डुमसला समुद्रावर जायचंय." काय हसलो होतो आम्ही.

मग ऑगस्टात तापी चढली. उधन्याला आम्ही वाचलो, पण नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. निंबाच्या मिलमधला पंडित तिकडं राहायचा. निंबा त्याला आणायला गेला. पंडित आला. निंबा एका म्हातारीसाठी पुन्हा पाण्यात उतरला, एवढंच पंडित सांगू शकला, आणि दारात बसून ओक्साबोक्शी रडला.

निंबा सापडला नाही. मिस्तरी चिखलातून वाट काढत सगळीकडं फिरले. मायने मात्र ऐकूनच घेतलं नाही. रोज त्याचं ताट वाढायची, झाकून ठेवायची आणि स्वतः उपाशी बसायची. "तो जेवना नही, मी कशी जेवू?" चहा आणि चिमूटभर शेंगदाणे, एवढ्यावर बाई राहिली. गावाकडून भाऊबंद आले. त्यांनी सांगितलं, देह नसेल तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, म्हणजे जीव सुटतो. मायने तो दर्भ उकिरड्यावर फेकला. म्हणाली, "गवतले मी निंबा म्हणू?" दिवाळीपर्यंत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. एक गेला तो गेला, आता ही पण जाणार, असं मला रोज वाटायचं. रागही यायचा आणि रडूही यायचं.

दिवाळी झाली आणि धनसुख गाडी घेऊन आला. पुराच्या वेळी तो गाडीसकट नवसारीला होता, लग्नही तिथंच उरकलं. म्हणाला, "मिस्त्री, गाडी एक बाजु बेसी जाय छे."

खरंच, रिकामी गाडी डावीकडे झुकून उभी होती. नवी बायको तिकडं बसायला तयार नाही, म्हणाला. पहिल्याच दिवशी बसली आणि ताडकन उठली. म्हणे, अहीं तो कोई बेठुं छे, इथं कुणीतरी बसलंय. आणि सीट ओली लागते म्हणे. धनसुख हे सांगताना हसत होता, पण हात गाडीला लावत नव्हता.

मिस्तरींनी दोन्ही स्प्रिंगा काढून फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या. उंची सारखी. पाटे तपासले, ठीक. परत चढवल्या, गाडी डावीकडे. मग डावी स्प्रिंग उजवीकडे आणि उजवी डावीकडे घातली. आता तरी उजवीकडे झुकावी की नाही? गाडी डावीकडेच. मिस्तरींनी सिमेंटचं पोतं उचलून डाव्या सीटवर ठेवलं. गाडी होती तिथंच राहिली, केसभरही खाली गेली नाही.

मिस्तरी डाव्या चाकावरच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. दाबला, सोडला, दाबला, सोडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "निंबाएवढं."

"डोकं फिरलंय का तुमचं?" मी ओरडले.

"लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलंय त्याला. आखाड्यात उचललंय. मला कळणार नाही?"

मी पोतं ओढून काढलं आणि स्वतः जाऊन बसले. मी काय काडी आहे? तेव्हा तर मुळीच नव्हते. मी बसले आणि गाडी हलली नाही. भरदुपारची वेळ, बाहेर ऊन आणि माझ्या लुगड्याला खालून गार ओल चढत गेली. अगदी जवळून, माझ्या अंगातूनच म्हणा ना, कुणीतरी दात वाजवत होतं. मी बाहेर आले ती सरळ मोरीवर जाऊन ओकले.

मिस्तरी म्हणाले, मायला कळता कामा नये. स्प्रिंगा काढतो, खाडीत टाकतो, दुसऱ्या करतो. तिथं माझं टाळकं सरकलं. "खाडीत? एकदा पाण्यात गेला तेवढं पुरे नाही झालं? ती आई आहे त्याची. सांगायचं नसेल तर नका सांगू, मी सांगते." आणि मी सांगितलं.

माय आली ती झाकलेलं ताट घेऊनच. गाडीभोवती एक फेरी मारली. डाव्या बाजूच्या पत्र्यावर हात ठेवला आणि पाळणा हलवतात तसा हळूच झोका दिला. गाडी वर आली, खाली गेली, वर आली. बराच वेळ ती झोके देत होती.

"मन्हा निंबा शे हाऊ," ती म्हणाली.

मग मालकाच्या जागेवर जाऊन बसली. आजवर आमच्या घरचं कुणी त्या जागेवर बसलं नव्हतं. मिस्तरी पुढं झाले, मी त्यांचा हात धरला. धनसुखने टोपी काढून हातात घेतली आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. ताट मांडीवर घेऊन माय त्या रिकाम्या सीटशी बोलत होती. शेत, गाय, पंडितची पोरं, कुठल्या कुठल्या गोष्टी. मध्येच थांबायची, ऐकायची, मान हलवायची. मला तिच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

उन्हं उतरली तेव्हा ती बाहेर आली. तिच्या पदराची एक बाजू, डावीकडची, ओली झाली होती.

"शाल्या," ती मिस्तरींना म्हणाली, "कुडकुडतोय रे तो. हाडापर्यंत गारठलाय. भट्टी पेटव. शेक दे त्याला."

ती मेला म्हणाली नाही. आम्हीही म्हणालो नाही. मिस्तरींनी चारी चाकांवरचं लोखंड उतरवलं आणि भट्टीपुढं बसले. काडी तीनदा विझली. मायने त्यांच्या मनगटाला हात लावला, मग पेटली. कोळसा फुलला, स्प्रिंगा आधी काळ्या, मग तांबड्या झाल्या. आणि त्यांतून पाणी सुटायला लागलं. आगीत लोखंड पाझरतं का कधी? थेंब थेंब गळत होतं, निखाऱ्यावर चरचरत होतं आणि दुकानात गाळाचा वास भरला, पुरानंतर सगळ्या सुरतेला येत होता तोच. मिस्तरी भाता मारत होते आणि "निंबा, निंबा" म्हणत होते. पाणी संपलं, वास गेला, लोखंड केशरी झालं.

तापलेलं लोखंड विझवायचं म्हणून मिस्तरींनी सवयीने ते चिमट्यात धरून पाण्याच्या हौदाकडे नेलं.

"पाण्यात नको रे," माय म्हणाली. "पुन्हा पाण्यात नको."

धनसुखने जुन्या तेलाचा डबा पुढं ओढून दिला. लोखंड त्यात विझलं.

स्प्रिंगा चढवल्या, जॅक उतरवला आणि गाडी सपाट उभी राहिली. मिस्तरींनी डावीकडे हात दाबला आणि लगेच उचलला. म्हणाले, "हलकी झाली." पहिल्या वजनाला त्यांनी वाळूचं पोतं ठेवलं. तेव्हापासून पोतीच. आमच्या घरचं कुणी पुन्हा कुठल्या गाडीत तसं बसलेलं नाही आणि मी असेपर्यंत बसणारही नाही.

मायने हात धुतले आणि ते ताट घेऊन तिथंच दुकानाच्या पायरीवर बसली. झाकण काढलं. भाकरी पार वाळून गेली होती. तिने तुकडा मोडला, भाजीला लावला आणि पहिला घास सवयीने ताटाच्या कडेला ठेवला, निंबासाठी. त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तो घास उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला.