अर्धी गोणी

फुलसिंगकाका जहाजाला बैल म्हणत. गमतीने नव्हे, त्यांच्या लेखी ते तसेच होते. जहाजाच्या कप्प्यावर झाकण लावण्याआधी ते मक्यात कोपरापर्यंत हात खुपसत, मूठभर दाणे वर काढून हुंगत आणि मजुरांना विचारत, "गोणी भरली का बराबर?"

बंदरावर सुटे धान्य जहाजात ओतले की ते सपाट करणाऱ्या मजुरांचे काका मुकादम. मी तपासनीस, माल नीट भरला आहे, अशा दाखल्यावर सही करणारा. माझे गाव कुरुंदा हे कळल्यावर ते म्हणाले, "हळदीचं गाव. मी पुसेगावाकडच्या तांड्यावरचा." तेव्हापासून गावाकडून आलेला ठेचा माझ्या डब्यात पडू लागला. हिंगोली जिल्ह्यातली दोन माणसे जहाजाच्या पोटात उभी राहून मका न्याहाळतात, याचे नवल मला एकट्यालाच वाटे.

त्यांचा पणजा बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर हिंडलेला. घरात चालत आलेले एक वाक्य काकांच्या तोंडी सारखे असे: "भरली गोणी बैल नेतो, अर्धी गोणी बैलाला नेती." अर्ध्या गोणीत दाणे एका अंगाला धावतात, ओझे कलते आणि उतारावर जनावर बसते. जहाजाचेही तेच होते. मी हे पुस्तकातून शिकलो होतो, तिथे त्याला चार पाने लागली होती.

एकदा शेवटच्या कप्प्यात मका कमी पडला. वर बरीच जागा मोकळी राहिली. समुद्र खवळणार असा इशारा होता आणि माल भरून देणाऱ्या ठेकेदाराला जहाज दुपारीच सोडायचे होते. मका सरकला तर जहाज किती कलेल, याचे माझे गणित नियमात बसत होते, पण अगदी काठावर. मी पेन काढले. तेवढ्यात काका खाली मक्यावर मांडी घालून बसले.

ठेकेदार वरून म्हणाला, "वर ये, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"काहून घाई करून राहिले, मालक? मका सपाट करू, वर भरली पोती रचू, मंग येतो. न्हाई तर झाकण लावा माझ्यावरच." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. "साहेब, ईस-बावीस लेकरं हायेत या बैलावर."

मी पेन खिशात ठेवले. एवढेच केले.

संध्याकाळपर्यंत मजुरांनी मक्यावर पोत्यांचे थर घट्ट रचले. मी सही केली, जहाज गेले. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराने काकांना माझ्यासमोर कामावरून काढले. माझ्या सहीवाचून त्याचे पान हलत नव्हते. मी एक शब्द बोललो असतो तर त्याला ऐकावे लागले असते. मी कागदांच्या गठ्ठ्यात मान घातली. काकांनी रुमाल झटकला, मला रामराम केला आणि ते गेले.

महिन्याभराने कप्तानाचा निरोप आला. वादळात जहाज इतके कलले की खलाशांनी आशा सोडली होती. पण पोत्यांखालचा मका जागचा हलला नाही, म्हणून ते पुन्हा सरळ झाले. सगळे सुखरूप पोचले.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा तांड्यावर गेलो. काका अंगणात सोयाबीन वाळवत होते. मी निरोप वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला.

"मका भिजला तर न्हाई?"

"नाही, काका."

त्यांनी घरात हाक मारली. बायको बाहेर आली, शेजारचे दोघे-तिघेही जमले. काका माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे आमचे साहेब. ह्यांनी सही रोखली, म्हणून ती लेकरं घरी गेली."

मला लाज वाटली. काकूंनी पुढे केलेला चहा मी खाली मान घालून प्यालो.

काका जाऊन आता दोन वर्षे झाली. तांड्यावर मला अजूनही जहाज थांबवणारा साहेब म्हणून ओळखतात. जहाज काकांनी थांबवले होते आणि त्यांचे काम वाचवायला मी तोंड उघडले नव्हते, हे मी तिथे कुणाला सांगितलेले नाही.