तीन ठिपक्यांचा पंखा

जुना टेबलफॅन दुकानात आला, की विमलमावशी आधी त्याच्या जाळीवरच्या पितळी बिल्ल्यावर फडकं टाकायच्या. कंपनीचं नाव झाकलं गेलं, की डोळे मिटून हात पंख्याच्या मागे न्यायच्या आणि त्याची मान चाचपायच्या. बैलबाजारातला जाणता माणूस दात बघतो, तशी ही बाई मान बघायची. चाचपून झालं की डोळे उघडून सांगायच्या, पंखा कुठल्या पिढीतला, पाती त्याचीच की दुसऱ्याची, आणि मधे कुणी अडाण्यानं हात घातला होता का. पंखा आणणारा बिचारा बिल्ल्याकडे बोट दाखवत राहायचा.

"बिल्ला काय, कुणीबी काढून कुणालाबी लावतंय," मावशी म्हणायच्या. "मान बघावी. मान खोटं बोलत न्हाय."

परंड्यात स्टँडकडून किल्ल्याकडे जाताना त्यांचं जळालेले पंखे-मोटारी पुन्हा भरून देण्याचं, रिवाइंडिंगचं दुकान होतं. दुकान मूळ सासऱ्यांचं, गणपत मिस्त्रींचं. पुढं नवऱ्यानं चालवलं, आणि त्याची नजर गेल्यावर मावशी गल्ल्यामागे बसल्या. तांब्याच्या तारेची वेटोळी त्या नवी नवरी असल्यापासून घरात भरतच होत्या. दुकानात बसल्यावर फक्त लोकांना दिसायला लागल्या. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा त्या सत्तरीच्या पुढे होत्या. पांढरं पातळ, नाकावर घसरलेला चष्मा, आणि कमरेला किल्ल्यांऐवजी पेचकस.

मी त्यांच्याकडे गेलो तो आमच्या घरच्या पंख्यापायी. आमच्या घरात माळ्यावर एक ओतीव लोखंडाचा, पितळी पात्यांचा पंखा गोणपाटात गुंडाळलेला असे. आजोबांनी, म्हणजे आबांनी, आणलेला. तो निजामाच्या एका अंमलदारानं आबांच्या इमानदारीवर खूश होऊन दिला, ही गोष्ट मी तीस वर्षं लग्नाकार्यांत सांगत आलो होतो. शाळेत मास्तर असल्यामुळे मला मधे कुणी अडवत नसे. प्रत्येक लग्नागणिक पंख्याचं वय दहा वर्षांनी वाढे. एका साखरपुड्यात तर मी उत्साहाच्या भरात तो इतका मागे नेला, की विजेचा शोध लागायचा बाकी राहिला असता.

ही गोष्ट मी रचली होती, कारण गावात दुसरी एक गोष्ट होती. आबा एका सरकारी बंगल्यावर शिपाई होते. वीज नुकती आलेली. तिथल्या साहेबानं हैदराबादहून आपला जुना पंखा आणला होता. त्याच्या पात्यांपुढे पितळेचं एक पान होतं. ते इकडून तिकडे पडायचं आणि पंखा मान वळवायचा. पोरंसोरं खिडकीतून बघायला जमायची, आणि विशीतले असूनही त्यांच्यामागे उभे माझे वडील. एक दिवस तो पंखा नाहीसा झाला, आणि दोन महिन्यांत आबांनी घरी पंखा आणला. आबांवर काही शाबीत झालं नाही, पण गावाला शाबीत व्हायची गरज नसते. "कुठून आणला?" म्हटलं की आबा एवढंच म्हणत, "जुळवून घेतला." यावर सगळे हसत. गाडी जुळवून घेता येते, सोयरीक जुळते. पंखा कारखान्यात होतो, परंड्यात कोण जुळवणार? माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, त्या पंख्याचा वारा जन्मात घेतला नाही. आबा गेले त्या दिवशी त्यांनीच तो माळ्यावर टाकला.

आणि मग नातीच्या बारशाला मी नेहमीप्रमाणे निजामाला बोलावलं. दादांचे चुलतभाऊ नानाकाका बुंदी चघळत बसले होते. भर पंगतीत म्हणाले, "आरं, निजामाचा कसला? बंगल्यावरचा हाय त्यो. पान तेवढं मोडलं तुझ्या आज्यानं, वळखू नये म्हणून!"

पंगत हसली. दादा चौऱ्याऐंशी वर्षांचे. ताटावरून उठले, हात धुतला आणि बाहेर जाऊन चपला शोधायला लागले. मी मागे गेलो. माझ्याकडे न बघता म्हणाले, "लोकांचं खरं असंल तर असू दे. पण मरायच्या आधी मला ठाव व्हायला पायजे."

दुसऱ्या दिवशी पंखा मांडीवर घेऊन मी रिक्षानं मावशींच्या दुकानात गेलो. सवयीनं म्हणालो, "मावशी, निजामाच्या काळातला आहे."

"मास्तर," त्यांनी चष्म्यावरून बघितलं, "निजामानं राज्य कवा केलं ओ? आटवड्याला एक तरी पंखा येतो त्याचा. नुस्ते पंखेच वाटत बसला हुता का काय?"

मी वायरीला हात घातला. त्यांनी तो झटकला. "लावू नका. वायरीचं कापड बघा, हात लावला की भुगा हुतोय. मान बघितल्याबिगर करंट न्हाय."

मग मात्र मी खरं ते सांगितलं. बंगला, पान, नानाकाका, दादांचं उठून जाणं. मावशी ऐकत होत्या. 'बंगल्यावरचा शिपाई' म्हटल्यावर त्यांचा हात मधेच थांबला. बिल्ल्यावर फडकं टाकलं आणि म्हणाल्या, "जे निघंल ते सांगीन. गोड करून सांगायची माझी सवय न्हाय. चालंल?"

खोटं कशाला सांगू, मला पंखा उचलून परत जावंसं वाटलं. तीस वर्षं मी गोडच करून सांगत आलो होतो. कडू निघालं तर दादांना काय तोंड दाखवणार? तरी बाकावर बसलो.

मावशींनी मागची टोपी खोलली. आत वाळलेलं वंगण, गुळाच्या काकवीसारखं काळं. रॉकेलनं पुसता पुसता त्या मला शिकवत होत्या. "मान हलवायच्या दोन तऱ्हा. पयली पानवाली. पानावर वारा आदळतो, मान एका अंगाला ढकलतो. टोकाला गेली की पान उलटं पडतं, मग त्योच वारा दुसऱ्या अंगाला ढकलतो. म्हंजे पंखा आपल्याच वाऱ्यानं मान हलवतोय. त्याला मागं यंत्र नसतंय. दुसरी ही. शाफ्टाच्या, म्हंजे पाती फिरवणाऱ्या दांड्याच्या, शेपटीला आटे, आट्यावर दातेरी चाक, चाकाला खुंटी आन् खुंटीला पट्टी. पट्टी मान वढती."

"पण नानाकाका म्हणतात तसं," मी विचारलं, "पान मोडून मागून हे बसवलं असलं तर?"

"बोट द्या इकडं." त्यांनी माझं बोट धरून शाफ्टच्या टोकावर ठेवलं. "हे आटे. शाफ्ट घडवला तवाच कापल्यात, कारखान्यात. पानवाल्याचा शाफ्ट मागं आखूड असतोय, शेपूटच नसती त्याला. मागून जोडली असती तर सांधा लागला असता. लागतोय?"

मी तीन वेळा बोट फिरवलं. सांधा नव्हता.

"ही मुंडी, म्हंजे मोटार, बंगल्यावरची न्हाय," मावशी म्हणाल्या. "त्यो पंखा कुठं गेला, मला ठाव न्हाय. पण त्यो ह्यो न्हाय."

मी एवढा मोठा सुस्कारा टाकला, की शेजारच्या पानवाल्यानं डोकावून बघितलं. पण मावशींचं झालं नव्हतं. पंख्याचं बुड उलटं करून त्यांनी बुजवलेलं जुनं भोक आणि शेजारी पाडलेलं नवं भोक दाखवलं. बुड दुसऱ्याच पंख्याचं होतं. जाळी तिसऱ्याची. शेवटी मान ओढणारी ती पट्टी सोडवून त्यांनी उजेडात धरली. करवतीच्या पात्याचा तुकडा घासून केलेली होती. आतल्या बाजूला ठोकून काढलेले तीन ठिपके.

मावशी चष्मा काढून ते बघत राहिल्या.

"ही सासऱ्याची पट्टी," त्या म्हणाल्या. "दीक्षा घेऊन आले तवापासून केलेल्या कामावर तीन ठिपके ठोकायचे. बुद्ध, धम्म, संघ. भंगारातले मोडके पंखे आणायचे आन् तिनाचा एक करायचे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या शिपायाचे नातू व्हय तुमी?"

"तुम्ही ओळखत होता आबांना?"

"नाव न्हवतं ठाव. नवी नवरी हुते मी. दिवेलागणीला घरी यायचे ते, मागच्या दारानं. तीन-चार खेपा घातल्या. चहा मीच करून द्यायची. कप हातात घेतला की आधी गल्लीत बघायचे, मग प्यायचे. चोरीचा बोभाटा झाला तवा सासरे म्हणले, चौकशीला बोलावलं तर जाऊन सांगू, पंखा माझ्या हातचा हाय. अंगरखा धुऊन ठिवला हुता त्यांनी. पण कुणी बोलावलंच न्हाय."

बोलावणार कोण? आबांनी 'जुळवून घेतला' म्हटलं, पण कुणाकडून ते सांगितलं नाही. बौद्ध वस्तीत जाऊन बसलो, तिथला चहा प्यालो, हे कबूल करण्यापेक्षा त्यांना चोर म्हणवून घेणं सोपं वाटलं. आणि आमच्या गल्लीतल्या एकालाही त्या वस्तीत जाऊन नुसतं विचारावंसं वाटलं नाही. पुरावा शे-दोनशे पावलांवर साठ वर्षं बसून होता. आबा चोर नव्हते, याचं मला उड्या माराव्यात असं सुख झालं होतं. ते सुख जरा खाली मान घालून बसलं.

"माफ करा मावशी," मी म्हणालो.

"तुमी कशाला? तुमी तर निजामावर घातलं समदं." आणि खळखळून हसल्या. "चहा सांगू का? का गल्लीत बघून याल आधी?"

संध्याकाळी मी दादांना सगळं सांगितलं. या खेपेला एक अक्षर वाढवलं नाही, त्यामुळे गोष्ट पाच मिनिटांत संपली. दादांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, "नानाला बोलाव. उद्या जायचंय."

दोघे म्हातारे एकाच रिक्षातून मावशींच्या दुकानी उतरले. मावशींनी नानाकाकांचंही बोट धरून आट्यांवर फिरवलं. नानाकाका पुटपुटले, "आता आमाला काय ठाव, पंखा हितंबी हुतोय म्हणून!" दादांनी चहा मागवू दिला नाही. "दुकानात नको, तुमच्या घरी पिऊ," म्हणाले, आणि भर दुपारी, वस्तीच्या मधल्या रस्त्यानं, काठी टेकत, पुढच्या दारानं गेले. गल्लीत बघितलं नाही. दोन कप प्याले. मधुमेहाची आठवण करून देण्याची माझी छाती झाली नाही.

पंखा दुरुस्त होऊन आला तो बिनबिल्ल्याचा. "बिल्ला चौथ्याचाच निघाला," मावशी म्हणाल्या. मी म्हटलं, तिथं गणपत मिस्त्रींचं नाव घालू. "कशाला? तीन ठिपके हायत की आत." त्या रात्रीपासून पंखा दादांच्या खाटेशी आहे. तो दुसरीकडे तोंड वळवतो तेव्हा दादा थांबतात, आणि परत आला की डोळे मिटतात.

माझ्या गोष्टींचं मात्र वाटोळं झालं. आता लग्नात तोंड उघडलं, की मावशींची बोटं मानेवर फिरताहेत असं वाटतं आणि चांगला रंगलेला प्रसंग मधेच खरा होऊन जातो. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "बरंय की. लोकं येळेवर जेवतील."

गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. हातापायाला तोशीस नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या दारात मांडव होता आणि ऊन मी म्हणत होतं. दादांनी मला पंखा न्यायला लावला. मांडवाच्या कडेला स्टुलावर ठेवला. वंदना चालू होती, आणि तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांवरून सारखा मान फिरवत होता.

जेवणं चालू असताना धाराशिवहून आलेल्या एका पाहुण्यानं पात्यांकडे बघत विचारलं, "कुठला हो हा? निजामाच्या काळातला दिसतोय."

सवयीनं माझं तोंड उघडलं. दादांनी माझ्या मांडीवर हात ठेवला.

"न्हाय," ते म्हणाले. "ह्याच घरातला."