उलटा धरलेला नकाशा

“गुन्हा कबूल आहे का?” न्यायाधीशांनी विचारलं.

“जी साहेब,” रामधन राठोड म्हणाले.

मी त्यांची वकील. अशी ताडकन उठले, की टेबलावरचा पाण्याचा ग्लास कलंडला. तो दोषारोप ठेवण्याचा दिवस होता. म्हणजे कोर्ट आरोपीला आरोप वाचून दाखवतं आणि विचारतं, कबूल की नाकबूल? नाकबूल म्हटलं तर साक्षीपुरावे होतात, खटला चालतो. कबूल म्हटलं तर तिथंच शिक्षा होऊ शकते. आरोप होता, शेजारच्या शेतातल्या विहिरीवरची पाण्याची मोटर चोरल्याचा. आणि त्या मोटरला आपण हातही लावला नाही, हे रामधनभाऊंनी मला अटकेनंतरच्या पहिल्याच भेटीत ओरडून सांगितलं होतं.

“सर, माझ्या अशिलाला प्रश्न समजलेला नाही,” मी म्हणाले.

न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, “काय विचारतोय ते समजलं का?”

“जी साहेब.”

“मोटर तूच चोरलीस?”

“जी साहेब.”

मान खाली, हात पोटावर बांधलेले. सरकारी वकील माझ्याकडे वाकले. “मॅडम, कशाला ताणता? सात महिने झालेत आत. कबूल करतोय तर करू द्या. भोगली तेवढीच शिक्षा पुरे, असं मीही कोर्टाला सांगतो. संध्याकाळच्या बसनं घरी जाईल बिचारा.”

ते वाईट माणूस नाहीत. सल्लाही व्यवहारी होता. म्हणूनच माझं डोकं फिरलं. न केलेली चोरी कबूल करणं हाच घरी जायचा सर्वांत जवळचा रस्ता असेल, तर आम्ही सगळे काळे कोट घालून तिथं काय करत होतो? एकदा कागदावर चोर ठरला, की पुढे परिसरात कुणाची शेळी हरवली तरी पोलिसांची गाडी आधी त्याच्याच दारात येणार. बंजारा तांड्यावरच्या माणसाच्या बाबतीत तर विचारायलाच नको.

“सर, मला अशिलाशी बोलायला थोडा वेळ हवा,” मी म्हणाले. न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं. “पुढची केस घेतो. तेवढ्यात आटपा.”

हा माणूस मुळात कसा होता, हे सांगायला हवं. आर्णीच्या अलीकडे त्यांचा तांडा आहे. अडीच वर्षांपूर्वी ते माझ्या ऑफिसात आले ते पांदणीसाठी. पांदण म्हणजे शेतात जायची सरकारी नोंद असलेली गाडीवाट. शेजारच्या वसंतरावांनी ती काटे टाकून बंद केली होती. मी तलाठ्याकडचा नकाशा टेबलावर पसरला आणि अभ्यासू चेहरा करून पाहू लागले.

“वकीलबाई, नकाशा उलटा धरला तुमी,” रामधनभाऊ म्हणाले. “उत्तर वर राह्यते.”

माझे दोन ज्युनिअर हसले. मी नकाशा फिरवला. मग ह्या माणसानं माझ्या अर्जातले तीन शब्द बदलायला लावले. ग्रामसभेत उठून उभे राहणारे, कंडक्टरनं थांबा चुकवला तर अख्ख्या बसला ऐकू जाईल असं भांडणारे. “काहून?” म्हणजे “का?” हा त्यांचा आवडता शब्द. खरं सांगायचं तर ते येताना दिसले की मला कपाळाला हात लावावासा वाटायचा.

तहसीलमध्ये पांदणीचा निकाल त्यांच्या बाजूनं जाईल अशी चिन्हं दिसू लागली, आणि त्याच आठवड्यात वसंतरावांची मोटर चोरीला गेली. संशय कुणावर, हे सांगायला नको. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. जामीनदार म्हणजे आरोपी तारखेला हजर राहील अशी हमी घेणारा माणूस. तांड्यातल्या निम्म्या घरांना कापूस वेचायचं काम वसंतरावांच्याच शेतात मिळायचं. त्यांच्याविरुद्ध सही कोण करणार? अशा रीतीनं जामीन मिळालेला माणूस सात महिने आत होता. इकडे पांदणीच्या पाहणीला अर्जदार गैरहजर म्हणून त्यांचा अर्ज निकाली काढला. अर्जदार कुठे आहे हे मी लेखी दिलं होतं. तरीही तो गैरहजरच.

तारखेगणिक मी त्यांना बदलताना पाहिलं. पहिल्या तारखेला कोर्टात ते पोलिसांवर इतके कडाडले, की न्यायाधीशांनी ताकीद दिली. तिसऱ्या तारखेला मला एकच प्रश्न विचारला. पाचव्या तारखेला ते व्हरांड्यात उकिडवे बसलेले दिसले, बाक रिकामा असताना. जेलमध्ये दिवसातून कितीदा तरी कैद्यांची गिनती होते. शिट्टी झाली की दोन-दोनच्या रांगेत उकिडवं बसायचं, मान खाली. कुणी काही विचारलं तर “जी साहेब”. “काहून” विचारणाऱ्याच्या वाट्याला त्या दिवशीचे संडास.

आता माझं. त्या पहिल्या तारखेनंतर मीच त्यांना दटावलं होतं, “साहेबांशी वाद घालायचा नाही. जे विचारतील त्याला जी साहेब म्हणायचं.” त्यांच्या भल्यासाठीच. आणखी एक गोष्ट मला दोषारोपाच्या त्या दिवशी, न्यायाधीशांनी दिलेल्या वेळात व्हरांड्यात कळली, आणि मी स्वतःवरच चिडले.

“रामधन, असं काय केलंस तू?” मी विचारलं.

तू. माझ्या ऑफिसात हा माणूस खुर्चीवर बसायचा तेव्हा “रामधनभाऊ, तुम्ही” होता. हाताला पोलिसांचा दोरखंड लागल्यावर तो कधी “तू” झाला, मला आठवेना. मला कुणी तसा हुकूम दिलेला नव्हता.

“रामधनभाऊ, बाकावर बसा.”

ते खालीच बसले. सोबतचे हवालदार म्हणाले, “राहू द्या ना बाई खालीच. सवय झाली त्याले.” हे हवालदार माझ्या माहेरचे, बाभुळगावचे. घरी लेकीच्या वेण्या घालून तिला शाळेत सोडणारा माणूस. चांगला माणूसही वर्दी चढवली की दुसऱ्याला जमिनीवर बसवतो आणि ते त्याला खटकतसुद्धा नाही. मला तरी कुठे खटकलं होतं?

“मोटर तुम्ही घेतली का?”

“जी बाई.”

“नाही घेतली ना?”

“जी बाई.”

आत पुढची केस संपत आली होती. हातातल्या पिशवीत पांदणीची फाईल होती. अपील करायचं म्हणून मी ती घेऊन हिंडत होते. मी नकाशा काढला, त्यांच्यासमोर फरशीवर बसले, साडीची पर्वा न करता, आणि नकाशा मुद्दाम उलटा पसरला.

“हे पाहा भाऊ, ही पांदण तर वसंतरावच्या मालकीतून जाते. तुमचा हक्कच नाही तिच्यावर. उगाच भांडून राह्यलो आपण.”

ते नकाशाकडे पाहत राहिले. हवालदार घड्याळाकडे पाहत राहिले. आतून पुकारा झाला, “राठोड रामधन!” मी उठले नाही. त्यांचं बोट हळूच कागदावर आलं, पांदणीच्या रेघेवर फिरलं आणि थांबलं.

“बाई,” ते म्हणाले, “नकाशा उलटा हाय.”

“मग काहून नाही बोलले तुम्ही?”

“कोणी इचारलंच नाही.”

“मी विचारून राह्यले. मोटर घेतली का?”

“कोनी!” ते ओरडले. त्यांच्या गोरबोलीत कोनी म्हणजे नाही. “कोनी, बाई! त्याची मोटर मले कायले पाह्यजे? माह्या शेतात जायले वाट नाही, मोटर काय डोक्यावर नेऊ?”

मी त्यांना सरळ सांगितलं, कबूल म्हटलं तर आज घर, नाकबूल म्हटलं तर परत जेल, आणि किती महिने ते मला माहीत नाही. ते उठून उभे राहिले. “चोर म्हणून तांड्यावर नाही जात मी.”

कोर्टात त्यांनी मान वर करून सांगितलं, “साहेब, मी चोरी केली नाही.” न्यायाधीश भले होते. त्यांनी आधीचं उत्तर बाजूला ठेवून “नाकबूल” लिहून घेतलं. मला इतका आनंद झाला, की त्यांना पुन्हा पोलिसांच्या गाडीत चढवताना पाहिलं तेव्हाच माझ्या ध्यानात आलं, हा माणूस परत तिथंच निघालाय.

खटला आणखी पाच महिने चालला. एका तारखेला साक्षीदार नाही, एका तारखेला जेलमधून आणायला गाडी नाही, एकदा तर निवडणुकीचा बंदोबस्त. शेवटी वसंतराव उभे राहिले. मोटर कोणत्या कंपनीची? आठवत नाही. किती हॉर्सपॉवरची? पाच असेल, साडेसात असेल. पावती? हरवली. मोटर कुणाकडे सापडलीच नव्हती. निर्दोष सुटका. ज्यासाठी बारा महिने गेले, ते उलटतपासात चहा थंड व्हायच्या आत कोसळलं. ह्या बारा महिन्यांचा जाब विचारायला कायद्यात मला एकही खिडकी सापडत नाही, आणि ह्याचा मला आजही संताप येतो.

महिन्याभरानं मी पांदणीच्या अपिलाचे कागद घेऊन तांड्यावर गेले. रामधनभाऊ नाल्यातून येताना दिसले, गुडघ्यापर्यंत चिखल. काटे अजून तसेच होते. मला पाहिल्यावर ते अंगणात उकिडवे बसले. बायको म्हणाली, “बाजेवर बसा ना.” ते बसले नाहीत.

“भाऊ, सही करा. पांदण मोकळी करून घेऊ.”

“राहू द्या, बाई. नाल्यातून फिरून जातो. काही लांब नाही पडत.”

चांगली दोन किलोमीटर लांब पडते. वसंतरावांना जे तहसीलमध्ये भांडून जिंकता आलं नसतं, ते त्यांना असं मिळालं होतं. कोर्टानं निर्दोष म्हटल्यावरही.

मी नकाशा काढला आणि उलटा धरला. “पाहा बरं भाऊ, बरोबर आहे ना?”

त्यांनी पाहिलं. नीट, बराच वेळ पाहिलं. त्यांना दिसलं होतं, हे मला त्यांच्या बोटावरून कळलं. ते उचललं होतं आणि परत मुठीत गेलं.

“बरोबर हाय, बाई,” ते म्हणाले.

आता मी कुठल्याच अशिलाला “जी साहेब” म्हणायला शिकवत नाही. व्हरांड्यात आधी बाकावर बसवते, “तुम्ही” म्हणते, मग फाईल उघडते. हवालदार कुरकुरतात, मग सरकून जागा देतात. एवढंच मला शिकता आलं.

अपिलाला झालेला उशीर जेलचं कारण दाखवून माफ करून घेता येईल, सही तेवढी बाकी आहे. दर पंधरा दिवसांनी मी तांड्यावर जाते, चहा घेते आणि त्यांच्यासमोर नकाशा उलटा धरते.