कंडक्टर खैरुनचा जाहीर सत्कार

जळकोटच्या खैरुन मुजावरच्या डोक्यावर काय असावं, याची काळजी आजवर इतक्या लोकांनी वाहिली की त्या डोक्याच्या आत काय चाललंय हे विचारायला कुणाला सवडच मिळाली नाही.

सुरुवात सासऱ्यांनी केली. खैरुनला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली तेव्हा मौलाली मुजावरांनी पगाराला हरकत घेतली नाही, बुरखा उतरवायला मात्र घेतली. तिकिटाचं मशीन, पैशाची पिशवी आणि तुळजापूरची गर्दी सांभाळून बुरखा सावरायचा कसा, असं सुनेनं विचारलं, तर म्हणाले, "मग स्टँडपर्यंत तरी घालून जात जा. मोहल्ल्यापुरतं. लोक बघतात."

"लोकांसाठी घालायचा आन् गाडीत चढताना काढायचा, असलं मला बरं न्हाय वाटत, अब्बा," खैरुन म्हणाली. बुरख्याची घडी करून तिनं तो कपाटात ठेवला आणि खाकी घालून, उघड्या डोक्यानं, भर मोहल्ल्यातून ड्युटीवर गेली. मोहल्ल्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. गाडीत जागा धरायची असली की तेवढी सगळ्यांना तीच आठवायची. नवरा दस्तगीर याचं हायवेला पंक्चरचं दुकान. बायकोबद्दल कुणी काही विचारलं की तो टायरमध्ये तोंड घालून बसायचा. हा त्याचा पाठिंबा होता आणि खैरुनला तो पुरला.

धाराशिवच्या एका प्रबोधन मंडळाला या गोष्टीचा पत्ता फार उशिरा लागला. मंडळाचे अध्यक्ष महारुद्र सर कित्येक वर्षं तिच्याच गाडीनं ये-जा करत होते. तिकीट घ्यायचे आणि खिडकीबाहेर बघून समाजाची चिंता करायचे. एके दिवशी सुट्टे पैसे परत घेताना त्यांची नजर खैरुनच्या नावाच्या पट्टीवर गेली. "मुजावर? आणि डोकं मोकळं?" सरांना चालत्या गाडीत क्रांती दिसली. महिला दिनाला जाहीर सत्कार ठरला. चौकात फ्लेक्स लागला, 'बंधनं झुगारणारी रणरागिणी'. त्यावर खैरुनचा फोटो होता, आणि शेजारी तिच्या तिप्पट आकाराचा सरांचा.

सगळं सुरळीत पार पडलं असतं, पण घरात एक अडचण उभी राहिली होती. खैरुनची लेक उझमा, बारावीला. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आपणहून हिजाब घालायला लागली. कुणी शिकवलं म्हणून खैरुननं खोदून खोदून विचारलं. मौलवी? मैत्रिणी? मोबाइल? पोर म्हणाली, "कुणी न्हाय. मला बरं वाटतं."

आता या उत्तराचा खैरुनला अभिमान वाटायला पाहिजे होता. तिला संताप आला. आपण एवढं सोसलं ते यासाठी? त्यातून मौलाली मुजावर मशिदीपासून पानटपरीपर्यंत छाती काढून हिंडू लागले. "नातीनं घराची अब्रू राखली," असं ते चारचौघांत सांगायचे, जसा काही हिजाब त्यांनीच बसून शिवला होता. उझमानं अब्रू वगैरे काही राखायला घेतलेली नव्हती, पण तिला विचारतो कोण?

सत्काराच्या आदल्या दिवशी महारुद्र सर निमंत्रण घेऊन घरी आले. चहा आणायला उझमा आली, तिच्याकडं बघून सरांनी कप तसाच खाली ठेवला. ती आत गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, पोरगी पहिल्या रांगेत बसणार. पेपरात फोटो येणार. तेवढं कार्यक्रमापुरतं जरा बघा की. लोक बघतात हो."

हे बोलणं आपण पूर्वी कुणाच्या तोंडून ऐकलंय, हे खैरुनला त्याच घटकेला आठवायला हवं होतं. पण स्वतःचा एवढा मोठा फोटो चौकात लागलेला माणूस असल्या गोष्टी आठवत बसत नाही. सर गेल्याबरोबर ती लेकीला म्हणाली, "कल के दिन हिजाब निकाल दे, बेटा. एकच दिन का सवाल है."

घरात बोलणं दखनी, पण उझमा चिडली की शाळेतल्यासारखी मराठीत बोलते.

"तुझा सत्कार कशाचा हाय, अम्मी?"

"माझ्या मर्जीनं जगले, त्याचा."

"आन् माझी मर्जी?"

"एवढं ऐकायचं नसंल तर येऊ नको," खैरुन म्हणाली. लेकीनं पुढं वाद घातला नाही. आईचा मोठा दिवस होता.

सभागृहाबाहेर स्कूट्यांची रांग लागली होती. येडशीकडून आलेल्या पोरी तोंडाला गुंडाळलेले स्टोल सोडत होत्या. वाटभर त्यांचे नुसते डोळे दिसत आले होते. सरांनी त्यांचं हसून स्वागत केलं, कारण ते काही बंधन नव्हतं, ते ऊन होतं. उझमानं दाराशीच पिना काढल्या, हिजाबाची घडी आईच्या पर्समध्ये ठेवली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली. तिचा हात सारखा कानाकडं जात होता. काहीतरी अंगावरून ओढून नेल्यासारखी ती आक्रसून बसली होती.

साडी नेसून आलेल्या खैरुनला व्यासपीठावर बसवून सरांनी स्त्रीमुक्तीवर तासभर भाषण केलं. मग प्रमुख पाहुण्या राजेश्वरीताई शाल आणि नारळ घेऊन पुढं आल्या. मोठ्या घरच्या सूनबाई, भरजरी पदर डोक्यावरून कपाळापर्यंत. त्या खैरुनच्या कानाशी वाकल्या. "अहो, पदर घ्या की डोक्यावर. नारळ घेताना उघडं डोकं बरं दिसत न्हाय. समोर वडीलधारी बसल्यात."

खैरुनला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण सरांनीही व्यासपीठावरच्या तसल्याच फ्लेक्सपुढं उभं राहून घाईनं मान हलवली. "घ्या, ताई. फोटोपुरतं."

खैरुनला हसू फुटलं. एवढ्यात तिची नजर खाली उझमावर गेली. पोर मान खाली घालून बसली होती, एक हात केसांवर. खैरुनचं हसू जागच्या जागी विरलं आणि तिला भर व्यासपीठावर आपल्याच लेकीपुढं लाज वाटली. सासरे, सर, ताई, सगळ्यांना ती मनात शिव्या घालायला निघाली होती, आणि त्या रांगेत चौथी ती स्वतः उभी होती.

"न्हाय घेत," ती म्हणाली. नारळ ताईंच्या हातातच राहिला. खैरुन पायऱ्या उतरून खाली आली. पर्समधला हिजाब काढून तिनं लेकीपुढं धरला. सगळं सभागृह बघत होतं. फोटोग्राफर धावत पुढं आला.

"माझं चुकलं, बेटा. घे. घाल."

उझमानं मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज अजिबात हलला नाही.

"तू म्हणलीस म्हणून काढला, अम्मी. आता तू म्हणतीस म्हणून घालू?"

खैरुनचा हात तसाच पुढं राहिला.