जिवंत माणसांची गाडी

दवाखान्याची मोटार गल्लीत शिरली की लोक आजाऱ्याला कपाटामागे लपवायचे. त्यांचं तरी काय चुकलं? अख्ख्या शहरात मोटार एकच, तीही काळीकुट्ट. सकाळी तिच्यातल्या फळीवरून मढी स्मशानात जायची आणि दुपारी तीच फळी पुसून तिच्यावर तापाचा माणूस निजवायचा. धडधाकट माणसानेही तिथे हाय खाल्ली असती. रुग्णवाहिका हे गोंडस नाव फार पुढचं. तेव्हा लोक सरळ ‘शेवटची गाडी’ म्हणत.

तिचा ड्रायव्हर घंटीवाला. एका हाताने पितळी घंटा बडवत गाडी हाकायचा, म्हणून हे नाव. माणूस तिरसट, एकदा नाही म्हणाला की विषय संपला.

एक अडलेली बाई ‘मी अजून मेले नाही!’ असं ओरडत गाडीत चढेचना. घरातच गेली, पोटातल्या बाळासकट. त्या दिवशी घंटीवाल्याचं डोकं फिरलं. त्याने गाडीला पांढरा रंग फासला, फळी फोडून बंबात घातली आणि दवाखान्याच्या मॅनेजरला तोंडावर सांगितलं, “साहेब, आजपासून या गाडीत मढं चढणार नाही. मग ते कुणाचंही असो.”

“गाडी काय तुझ्या बापाची आहे?”

“नाही. पण चालवतो मी. दुसरा कुणी असेल तर आणा.”

दुसरा कुणी नव्हता. मॅनेजर दातओठ खात गप्प बसले. दवाखान्याच्या अध्यक्षांचे सासरे वारले, तेव्हाही घंटीवाल्याने किल्ली खिशात घातली ती बाहेर काढली नाही. शहरभर बोभाटा झाला. लोकांना मजा वाटली, पण विश्वास काही बसेना. “बोलायला काय जातं! नेत असेल गुपचूप,” असं म्हणून ते दाराला कडी लावतच राहिले.

मग त्याची आई आजारी पडली. त्याने तिला गाडीतूनच दवाखान्यात नेलं, आणि तिथेच ती गेली. मॅनेजर खांद्यावर हात ठेवून मऊ आवाजात म्हणाले, “आईला गाडीतून घरी ने. मी एका शब्दाने बोलणार नाही.”

घंटीवाल्याला रडू आवरत नव्हतं, पण हा डाव न कळण्याइतका तो खुळा नव्हता. आज आई चढली की उद्या अध्यक्षांचं सगळं गणगोत चढणार. त्याने समोरच्या भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली.

धाकटा भाऊ खवळला. “गावाला मोटारीतून फिरवतोस आणि आईला हातगाडीवर? लाज नाही वाटत?”

“वाटते. ढकल.”

भर बाजारातून दोघे भाऊ आईला घेऊन निघाले. दुकानदार उठून उभे राहिले. तेवढ्यात एका घराची कडी निघाली आणि एक बाई उंबऱ्यात आली.

“अहो घंटीवाले, म्हणजे ते खरंच आहे तर! तुमची गाडी मोकळी आहे ना? आमच्या ह्यांना श्वास घेता येत नाही हो. तुम्हाला बोलवायची हिंमतच होत नव्हती.”

“आधी आईचं उरकू दे,” भाऊ कळवळून म्हणाला.

घंटीवाल्याने आईच्या तोंडावरची चादर नीट केली. “आईला आता घाई नाही,” तो म्हणाला. हातगाडीचा दांडा भावाच्या हातात देऊन, बाहीने डोळे पुसत, तो उलट पावली दवाखान्याकडे धावत सुटला.