फुटलो काय फोडलंस?

माणूस घर सोडत नाही. घर त्याच्याकडून सोडले जाते. हे वाक्य मला आवडते, कारण त्यात दोष कोणाचाच नाही. प्रत्यक्षात २००१ साली नांदगाव स्टेशनवर मी स्वतःच्या पायांनी गाडीत चढलो आणि खिडकी मिळाली म्हणून खूश झालो. आई खाली उभी राहून सांगत होती, "पोचल्यार फोन कर रे."

पोचलो मस्कतला, बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डात. काम स्टोअरचे, पण रोजचा रिपोर्ट इंग्रजीत. तीन महिन्यांत जमले नाही तर परत गावी, कोकणातल्या मिठबावला. दुसऱ्याच महिन्यात एका दाराबद्दल मी 'पेंट ड्राइड' असे लिहिले. ते वाचून फोरमन जोसेफ दाराला निवांत टेकले. पांढऱ्या शर्टाची पाठ हिरवी झाली. हे कसे घडले ते लेखी द्या, म्हणाले. नोकरीचे त्यानंतर बघू.

कोरा कागद समोर घेऊन बसलो आणि मला मिठबावची वाळू दिसली. आई तिथे बांगडे सुकत घालायची. गिऱ्हाइकाने घाई केली की टोपली पुढे करून म्हणायची, "ते अजून सुकतत. सुकलेले हयसर आसत." वाळूवरचा बांगडा ड्राइंग, टोपलीतला ड्राइड! शाळेत वर्षानुवर्षे न कळलेले व्याकरण आमच्याच अंगणात वाळत पडले होते. आनंदाने मी एकटाच हसलो. बाजूच्या कारकुनाला वाटले, याची नोकरी गेली.

मग कर्मणी प्रयोग आठवला. लिहिले, 'द शर्ट वॉज स्टेन्ड बाय ड्राइंग पेंट.' एका वाक्यात दोन्ही धडे, खोटे काही नाही, आणि गुन्हेगार रंग. जोसेफ यांनी ते दोनदा वाचले. "शर्ट गेला, पण ग्रामर आले," म्हणाले आणि कागद फाइलला लावला.

मागे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, परदेशात हा प्रयोग फार उपयोगी पडतो. घरी तो कधीच चालला नाही. 'कप फुटलो' म्हटले की आई विचारायची, "फुटलो काय फोडलंस?" कर्त्याला जिथे लपू देत नाहीत, ते घर, एवढे मला आता कळते.

महिन्याभराने कंपनीचे इंग्रजी पत्र आले: आपणास सेवेत कायम करण्यात येत आहे. आईला फोन केला.

"कोणी केल्यान?" तिने लगेच विचारले. "त्याका बांगडे धाडतंय. नाव सांग."

मी पत्र उलटसुलट करून पाहिले. सहीच्या जागी शिक्का होता.